अर्धी करकर

१

तीन थाळ्या गप्प होत्या.

एकविसाव्या दिवशी उबवणी घरात गप्प बसायची रीत नसते. आधी एखादं कवच टिचतं, मग शेजारचं, आणि दुपार व्हायच्या आत कपाटाएवढ्या त्या यंत्रात अशी चिवचिव माजते की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. पुढच्या सहा थाळ्यांनी तो गलका केला. मागच्या तीन थाळ्यांतली साडेचारशे अंडी मात्र नदीतल्या गोट्यांसारखी पडून राहिली. मालकांनी एक फोडून पाहिलं, मग दुसरं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पंखाखाली मान घातलेलं. तिसरं फोडायला त्यांचा हात उचलला नाही.

उबवणी यंत्राच्या अंगाला एक छोटं छपाईयंत्र होतं. दर पाच मिनिटांनी ते करकर करत कागदाच्या पट्टीवर एक ओळ उमटवायचं: वेळ, उष्णता, ओलावा. पट्टी वाढली की ती फाडून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची, हे काम उबवणीवाल्या मावशींचं. संध्याकाळी मालकांच्या सूनबाई त्या पट्ट्या संगणकात उतरवायच्या. मालकांनी सूनबाईंची यादी उघडली आणि बोट ठेवत ठेवत खाली आले. तीन दिवसांपूर्वीच्या सकाळी दहा पस्तीस होतं, आणि त्याखाली एकदम अकरा वीस. मधल्या आठ ओळी नव्हत्या. अकरा वीसला उष्णता मात्र चढलेली होती.

यंत्राच्या पडद्यावर त्या दिवसाची नोंद धुतल्या तांदळासारखी होती. ओळी पाठवल्या २८८. चुका शून्य.

"यंत्राने पाठवल्या आणि खिळ्याला नाहीत," मालक म्हणाले, "तर मधे कोण आहे?"

मधे मावशी होत्या. एकोणीस वर्षं होत्या. त्यांच्या हातून काहीतरी बिघडलं आणि तो पुरावा त्यांनी फाडून टाकला, असं मालकांच्या मनाने घेतलं. त्यांनी मावशींना घरी बसवलं आणि यंत्र बनवणाऱ्या कारखान्याला कळवलं: आठही ओळी यंत्रातून बाहेर पडल्या होत्या, असं लेखी द्या. ते पत्र हातात आलं की मावशींचं काम कायमचं सुटणार होतं.

२

कारखान्याने पाठवलं चाळणीला. आईबापांनी ठेवलेलं नाव तिलाही होतं, पण कारखान्यात तिला सगळे चाळणीच म्हणत, कारण कुणीही लिहिलेला प्रोग्रॅम बाहेर जाण्याआधी तिच्या हातून जायचा आणि त्यातला खडा तिच्याकडे राहायचा. चाळिशीला टेकलेली, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधणारी बाई. निघताना तिच्या सरांनी सांगितलं होतं की पडद्यावरचा आकडा बघ, पत्रावर सही कर, आणि दुपारच्या गाडीने परत ये.

उबवणीच्या खोलीत पाऊल ठेवताच कोमट, पिसांसारखा वास आला. मालक उंच, खणखणीत आवाजाचे गृहस्थ होते. ते मागच्या थाळ्यांबद्दल सांगत होते आणि वाक्याच्या मध्येच एकाएकी थांबले. चाळणीला वाटलं, ठसका लागला. तेवढ्यात छपाईयंत्र कर्र कर्र कर्र करत एकेक अक्षर ठोकू लागलं. सूनबाईही ओठ मिटून उभ्या होत्या. यंत्र थांबलं आणि मालकांनी वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं, जसं कुणी खाली ठेवलेली पिशवी उचलावी.

"सवय झालीय," सूनबाई हसून म्हणाल्या. "करकरीवर ओरडून बोलण्यापेक्षा थांबलेलं बरं. इथे सगळेच थांबतात. मावशी तर गाणंसुद्धा थांबवतात."

मावशी अंडी फिरवताना गुणगुणायच्या, हे त्यातून कळलं. बारा करकरी मोजल्या की तास झाला. मग सगळ्या थाळ्या कलत्या करायच्या, पट्टी फाडायची, खिळ्याला लावायची. घड्याळाकडे त्या बघायच्याच नाहीत.

चाळणीने मालकांना विचारलं, त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होतात. इथेच होतो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. नवीन गिऱ्हाईकांची मंडळी आली होती, सात जण. साडेदहाच्या सुमारास आली, अकरा सव्वाअकराला गेली. त्यांना मालकांनी स्वतः सगळं समजावून दिलं होतं.

"चाळीस मिनिटं सलग बोललो, मॅडम. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, इतकी शांतता. सूनबाईंना विचारा."

सूनबाईंनी मान हलवली. चाळणीने वहीत काहीतरी लिहिलं, मग चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. मावशी त्या वेळी कुठे होत्या, असं तिने विचारलं, तर मालक म्हणाले की इथेच असतील, त्यांचं कामच इथलं.

नंतर त्यांनी तिच्यापुढे मावशींच्या चौकशीचा कागद ठेवला. दोनच प्रश्न होते. कागद फाडला का? हो. आणखी काही सांगायचं आहे का? काही नाही.

"आता याहून स्वच्छ काय पाहिजे?" मालक म्हणाले.

चाळणीला तो कागद फार स्वच्छ वाटला. इतका स्वच्छ कागद तिने कधी चाळणीतून खाली पडताना पाहिला नव्हता. पत्रावर सही करायच्या ऐवजी तिने मावशींचा पत्ता मागितला.

३

मावशी दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहत होत्या. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीपाशी कुणाच्या तरी पडद्यांचा ढीग. त्या काठ दुमडून टाके घालत होत्या. रिकामं बसवत नाही, म्हणाल्या. त्यांनी चाळणीला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या.

"तुम्ही त्या यंत्राच्या घरच्या का?" त्यांनी विचारलं.

"हो. तसंच म्हणायचं."

"मग त्याला सांगा, मी रागावलेली नाही त्याच्यावर."

चाळणीने चौकशीच्या कागदाबद्दल विचारलं. कागद फाडला का, याला तुम्ही हो का म्हणालात?

"फाडते म्हणून हो म्हटलं. रोज चोवीस वेळा फाडला जातो तो. दिवसा मी, मग पाळी बदलली की दुसरी बाई. फाडला का विचारलं, फाडला म्हटलं. खोटं कशाला बोलू?"

"आणि आणखी काही सांगायचं का, याला काही नाही म्हणालात."

मावशींनी टाका घट्ट केला. "मालक बसले होते लिहायला. पेन उचलून धरलं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, काही नाही ना? मग नाही म्हटलं." त्यांनी दोरा तोडला. "लोकांना घाई असते, ताई. आपण काही नाही म्हटलं की त्यांना वाटतं, सगळं ठीक आहे."

ते वाक्य चाळणीच्या कानात कुसळासारखं टोचून राहिलं. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

मग मावशींनी त्या सकाळचं सांगितलं, कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं म्हणून हळूहळू, चाचपडत. दहा पस्तीसची करकर झाली, तास भरला, त्यांनी थाळ्या फिरवल्या, पट्टी फाडली, खिळ्याला लावली. तोवर पाहुणे आले. मालकांनी मावशींना बाहेर थांबायला सांगितलं, खोली लहान आहे म्हणून. त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या आणि करकर मोजू लागल्या. बारा झाल्या की पुढची फेरी.

"एकही आली नाही," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, बंद दारातून ऐकू येत नसेल. वय झालं. पाहुणे गेले, मी आत गेले, तरी माझं मोजणं शून्यावरच. मग अंदाजानेच फेरी केली. उशीर झाला असणार." त्यांचे हात थांबले. "त्या पोरांचा माझ्याच उशिराने घात केला का, एवढं बघून सांगाल का मला? कागदाचं काय ते होऊ दे."

पुरावा फाडल्याचा आळ डोक्यावर असलेली बाई दुसऱ्याच गुन्ह्याची काळजी करत बसली होती. चाळणी उठली. दारात तिने विचारलं, इतर दिवशी त्या बाकावर करकर ऐकू येते का?

मावशींनी विचार केला.

"येते की," त्या सावकाश म्हणाल्या. "जेवायला तिथेच बसते मी."

४

सूनबाईंचं टेबल फायलींनी भरलेलं होतं. चाळणीने यादी नको, मूळ पट्ट्या द्या, म्हटलं. सूनबाईंनी खणातून रबरात गुंडाळलेली वळकटी काढली.

"यादीत आहे तेच आहे यात," त्या म्हणाल्या.

"मधे ओळी नाहीत, हे उतरवतानाच दिसलं नाही?"

"मी उतरवते, वाचत नाही," सूनबाई म्हणाल्या, आणि आपल्याच बोलण्याने थोड्या ओशाळल्या.

चाळणीने त्या सकाळच्या दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. पहिलीच्या शेवटी दहा पस्तीसची ओळ होती, खाली फाडल्याची कड. दुसरी पट्टी फाडल्याच्या कडेपासूनच सुरू होत होती. दोन्ही कडा एकमेकींत दात बसावेत तशा बसल्या. कागदाच्या कडा कुठेही फाटोत, बसतात कधी कधी. पण दुसऱ्या पट्टीची पहिली ओळ वाचून चाळणीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

ओळ अशी होती: 10:40 311:20 38.9 49.

"हे काय आहे?"

सूनबाईंनी वाकून पाहिलं. "ते होय. छपाई घसरली होती. सुरुवातीला काहीतरी फालतू होतं, ते मी गाळलं. अकरा वीस, अडतीस पूर्णांक नऊ, एकोणपन्नास. बरोबर उतरवलंय ना?"

"फार बरोबर," चाळणी म्हणाली.

तिने बोटाने ओळ दोन तुकड्यांत झाकली. दहा चाळीस, मोकळी जागा आणि तीन. इथे एक ओळ सुरू झाली होती आणि सदतीसमधला तीन उमटून सातापासून पुढचं लिहायचं राहिलं होतं. त्याला चिकटून, त्याच रेघेवर, अकरा वीसची अख्खी ओळ.

"सूनबाई, कागद फाडणारा माणूस दोन ओळींच्या मधे फाडतो. फार तर ओळीवरून फाडेल. पण दहा चाळीसची सुरुवात आणि अकरा वीस एकाच रेघेवर असतील, तर त्यांच्या मधे फाडायला कागद होता कुठे?"

सूनबाईंनी एक बोट त्या रेघेवर ठेवलं आणि काढून घेतलं, चटका बसावा तसं.

कागद फाडला नव्हता. छपाईयंत्र अर्ध्या शब्दात थांबलं होतं आणि चाळीस मिनिटांनी तिथूनच पुढे सुरू झालं होतं. मावशी सुटल्या. पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो कारखान्याच्या अंगणात होता. ओळी छापल्याच नाहीत, तर यंत्र दोनशे अठ्ठ्याऐंशी पाठवल्या कसं म्हणत होतं? चुका शून्य कसं म्हणत होतं?

खोटं कोण बोलत होतं, हे बघायला चाळणीने आपला संगणक उघडला.

५

उबवणी यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम काही फार मोठा नव्हता. त्यात अक्षरं छापणारं एक फंक्शन होतं. अशी फंक्शनं निरोप्यासारखी असतात. त्यांच्या हातात मजकूर द्यायचा, ती छपाईयंत्राकडे जातात, आणि परत येऊन एक आकडा सांगतात: काम कसं झालं. कोणता आकडा सांगायचा, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि त्याच्यावरून शहाणी माणसं दिवसदिवस भांडतात.

या फंक्शनच्या माथ्यावर लिहिणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरं होती. चाळणीने ती वाचली. तिचीच होती.

चौदा वर्षांपूर्वीची ती दुपार तिला लख्ख आठवली. ती नवी होती. सर म्हणाले होते, निरोप्याने काहीच सांगू नये, उगाच गोंधळ. दुसरा एकजण म्हणाला, दिली तितकी अक्षरं सांगावीत, म्हणजे सगळे खूश. तिने टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की पोचली तितकीच सांगायची. चौदा दिली आणि सात पोचली तर सात. एकही पोचलं नाही तर शून्य. यंत्रच बिघडलं असेल तर उणे एक. खरं तेच सांगायचं. ती जिंकली होती. सगळ्यांना तिने चहा पाजला होता.

आता तिने उबवणीच्या खोलीत जाऊन छपाईयंत्राच्या कोपऱ्यातलं छोटं थांबण्याचं बटण शोधलं. पुढची करकर सुरू होताच ते दाबलं. यंत्र अर्ध्यात थबकलं. तिने संगणकावर निरोप्याचं उत्तर वाचलं. सहा. पाच मिनिटं थांबली. शून्य. आणखी पाच मिनिटं. शून्य. निरोप्या अक्षरशः खरं सांगत होता.

पडद्यावर: चुका शून्य.

तेव्हा तिने प्रोग्रॅममध्ये निरोप्याचं उत्तर ऐकणारी जागा शोधली. दोनच ओळी होत्या. उत्तर उणे असेल तर चूक मोज. नाहीतर पाठवली म्हणून मोज. सात आलं तरी पाठवली. शून्य आलं तरी पाठवली. त्या सकाळी एकदा सात आलं असणार, मग सात वेळा शून्य, आणि ऐकणाऱ्याने आठही वेळा मान डोलावली. या ओळींवरही तीच दोन आद्याक्षरं होती, तारीखही तीच. जिंकल्याच्या भरात, चहाला निघता निघता लिहिलेल्या.

लोकांना घाई असते, ताई.

तिने सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सरांनी मऊ आवाजात आठवण करून दिली की अशी तीनशे यंत्रं लोकांकडे चालू आहेत, आणि चौदा वर्षांत एक तक्रार नाही.

"तक्रार येणार कशी, सर? यंत्र चुका शून्य म्हणतंय."

"अगं, पत्रात एवढंच लिही की कागद फाडलेला दिसत नाही. बाई सुटतात. पुढचं आपलं आपण गुपचूप दुरुस्त करू."

"मग मालक विचारतील, ओळी गेल्या कुठे. मी उत्तर दिलं नाही की ते पुन्हा मावशींकडेच बघतील. पडदा अजून दोनशे अठ्ठ्याऐंशी दाखवतोय."

सरांनी उसासा टाकला. "तुझं नाव आहे त्यावर, चाळणी."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला एक गोष्ट अजून हवी होती. त्या सकाळी बटण दाबलं कुणी? आणि मागच्या तीनच थाळ्या का मेल्या? तिने वहीचं पहिलं पान उघडलं. मालकांचं वाक्य तिथे जसंच्या तसं होतं. चाळीस मिनिटं सलग. टाचणी पडली असती तरी.

दर पाच मिनिटांनी जिथे सगळी माणसं तोंड मिटतात, त्या खोलीत कुणी चाळीस मिनिटं सलग बोलेल कसं?

६

सूनबाईंनी पाहुण्यांसमोरचं ते बोलणं फोनवर टिपलं होतं, इतरांना दाखवायला. चाळणीने ते सगळ्यांसमोर उबवणीच्या खोलीतच लावायला सांगितलं. मावशींनाही बोलावून घेतलं. त्या दारापाशी उभ्या राहिल्या, आपल्याच खोलीत पाहुण्यासारख्या.

फोनवर आधी एक बारीक, खालच्या पट्टीतला आवाज आला.

*उजवी गं कूस झाली, डावी आता वळ बाळा,*
*कवचाच्या आत तुझा अंधाराला फुटे डोळा...*

मग मालकांचा आवाज: मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा. गाणं थांबलं, खोलीचं दार वाजलं. पावलं, खोकले, खुर्च्या. मग कर्र कर्र, आणि ती करकर पुरी व्हायच्या आधीच स्पष्ट टक. आणि मालक: हां, आता नीट ऐकू येईल. हे यंत्राचं दार उघडंच राहू दे, सगळ्यांना थाळ्या दिसू देत.

त्यापुढे चाळणीने रेकॉर्डिंग पुढे पळवलं. दहा मिनिटांवर थांबवलं, वीसवर, तीसवर. मालकांचा खणखणीत आवाज, न थांबता. शेवटी पुन्हा टक.

खोलीत फक्त पिल्लं बोलत होती.

"यंत्राचं दार उघडं होतं," चाळणी म्हणाली, "आणि उष्णता मोजणारी नळी दाराजवळ आहे. तिला गार वारा लागत राहिला. तिने सांगितलं, थंडी आहे. हीटर तापत राहिला, आणि तो मागे आहे. मागच्या तीन थाळ्या भाजल्या. दार लावल्यावर नळीला कळलं, तोवर अकरा वीस झाले होते. अडतीस पूर्णांक नऊ." ती मावशींकडे वळली. "तुमच्या उशिराने काही झालेलं नाही. थोड्याशा उशिराने अंडी मरत नाहीत."

मावशींनी पदराने नाक पुसलं. तेवढंच.

मालकांचा चेहरा उतरला होता, पण आवाज अजून ताठ होता. "बटण मी दाबलं. विसरूनही गेलो. पण मला काय माहीत? वाटलं, यंत्र पोटात धरून ठेवेल आणि नंतर छापेल. नाहीतर ओरडेल तरी. पडद्यावर चुका शून्य होत्या. त्यावर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा का?"

"तेवढा नाही," चाळणी म्हणाली. "तो माझा. यंत्राला ते बोलायला मी शिकवलं." आणि तिने निरोप्याची गोष्ट सांगितली, आपल्या आद्याक्षरांसकट. निरोप्या परत येऊन म्हणायचा, शून्य अक्षरं पोचली. ऐकणाऱ्याला फक्त बोंब ऐकायची सवय होती. बोंब नाही, म्हणजे ठीक. "पण बटण तुम्ही दाबलंत, दार तुम्ही उघडं ठेवलंत, मावशींना तुम्ही बाहेर काढलंत. हे तिन्ही यंत्राला माहीत नव्हतं, मालक. तुम्हाला होतं."

मालकांनी चौकशीचा कागद हातात घेतला. कागद फाडला का, हो. काही सांगायचं का, काही नाही. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, आणि खाली ठेवला नाही.

७

दुरुस्ती दुपारभर चालली. ऐकणारी जागा चाळणीने दोन मिनिटांत बदलली. निरोप्याशी मात्र ती बराच वेळ बसून राहिली. पोचली तेवढी अक्षरं सांगणं खरं होतं, पण त्या खरेपणाचा अर्थ लावायचं ओझं तिने घाईतल्या माणसावर टाकलं होतं, आणि असा घाईतला माणूस दर ठिकाणी असणारच होता. तिने ठरवलं, अख्खी ओळ पोचली तरच होकार. एक अक्षर जरी अडलं, तरी नकार. किती पोचली ते ज्याला पाहिजे त्याने वेगळं विचारावं. उत्तर असं हवं की अर्धवट ऐकणाऱ्यालाही ते उलटं ऐकू येऊ नये.

मग तिने पत्र लिहिलं. त्यात कागद फाडलेला नाही हे होतं, चूक कुणाची हे होतं, आणि तीनशे यंत्रांच्या मालकांना आजच कळवावं हेही होतं. खाली पूर्ण नावाने सही केली आणि एक प्रत सरांना पाठवली. सरांचं उत्तर एका ओळीत आलं: यादी काढायला बसलोय.

"तपासून बघायचं," चाळणी म्हणाली. "मावशी, करकर सुरू झाली की ते बटण दाबा."

मावशी पुढे आल्या. त्यांनी कधीच त्या बटणाला हात लावला नव्हता. करकर सुरू झाली, त्यांनी दाबलं, यंत्र गिळल्यासारखं थांबलं. क्षणभर काही नाही. मग उबवणी यंत्राने असा कर्कश भोंगा दिला की पिल्लंसुद्धा गप्प झाली. पडद्यावर लाल अक्षरं आली: ओळ अर्धी राहिली.

"बाई गं," मावशी म्हणाल्या. "तोंड फुटलं त्याला." आणि बटण सोडवून त्यांनी यंत्राच्या पाठीवर हात फिरवला, रडून दमलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

सूनबाई संगणकापाशी बसल्या होत्या. जुनी चौकशी पुसून त्यांनी नवा कागद उघडला होता. मावशींचं म्हणणं, असं वर लिहिलं आणि खाली पानभर जागा सोडली. मालक भिंतीपाशी उभे होते. त्यांनीच खुर्ची ओढून मावशींपुढे केली.

"मावशी," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. "माझं चुकलं. काय झालं ते सुरुवातीपासून सांगा. सूनबाई लिहितील. तुम्ही सांगाल तेवढं सगळं."

मावशी बसल्या. एकोणीस वर्षांत त्या खोलीत त्या पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. त्यांनी पदर सारखा केला, सूनबाईंच्या बोटांकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात करकर सुरू झाली.

त्या थांबल्या. मालक थांबले. सूनबाईंची बोटं हवेत राहिली. चाळणीही श्वास धरून उभी राहिली. वेळ, उष्णता, ओलावा, एकेक अक्षर, शेवटपर्यंत.

करकर थांबली. कुणीच घाई केली नाही.

मग मावशी बोलू लागल्या.